कोव्हेंट्रीचं घर आणि भूमची सही

ईट गावात कुणी गोठ्यावर नवे पत्रे टाकले तरी चार माणसं बघायला येतात. ज्ञानोबांनी तर इंग्लंडात घर घ्यायला काढलं होतं. म्हणजे घर घेत होता त्यांचा मुलगा रणधीर, कोव्हेंट्रीत, स्वतःच्या आणि बायकोच्या पगारावर कर्ज काढून; पण स्टँडवरच्या हॉटेलात ही गोष्ट अशी कुणी सांगत नव्हतं. तिथं ती ज्ञानोबा स्वतः सांगायचे, आणि त्यांच्या सांगण्यात रणधीर फक्त चावी घ्यायला पुढं झालेला असायचा. "आपलं घर," ते म्हणायचे. "आपल्या घरामागं बाग हाय. वर पोटमाळा हाय. थंडीचं आपोआप गरम व्हतंय." ऐकणारे चहा संपेपर्यंत माना डोलवायचे. चहाचे पैसे ज्ञानोबा द्यायचे, त्यामुळं मान डोलवायला कुणाचं काही जात नव्हतं.

शिवांजलीला मात्र तेवढ्याचाही कंटाळा आला होता. ती ज्ञानोबांची थोरली मुलगी. वाशीला, म्हणजे शेजारच्या तालुक्याच्या गावाला दिलेली, तिथल्याच हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीत ती माहेरी आली होती ती दोन कामांसाठी बोलावल्यामुळं. आईला लेक बघायची होती हे तिसरं काम, पण त्या घरात ते काम म्हणून कुणी धरत नसे. पहिलं काम असं, की रणधीरच्या वकिलांनी पाठवलेले इंग्रजी प्रश्न आप्पांना, म्हणजे ज्ञानोबांना, मराठीत समजावून सांगायचे. दुसरं, ओढ्याकडच्या रानातला आपला हक्क सोडल्याचा कागद तालुक्याला, भूमच्या रजिस्ट्री कचेरीत जाऊन करून द्यायचा.

रान विकायचं ठरलं होतं. रणधीरच्या घराला बापाचा हातभार म्हणून ते पैसे तिकडं जाणार होते. रान वाडवडिलांपासूनचं. घेणारा होता बालाजी, ईटच्या बाजारातला भुसार व्यापारी, चांगला पोचलेला माणूस. त्यानं पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं होतं, "ताईची सही लागंल बरं का. आता लेकींचा बी हक्क असतो. उद्या त्या कोर्टात गेल्या तर म्या कुठं पळू?" शिवांजलीच्या हक्काची आठवण अख्ख्या गावात एका व्यापाऱ्यालाच होती, आणि तीही तो संपवण्यापुरती.

या भागात लेकीचं हक्कसोड साडीचोळीवर होतं. बापाघरची साडी नेसायची, कचेरीत अंगठा नाहीतर सही द्यायची, येताना पेढे घ्यायचे. लेकी करतातही. न केलं तर माहेर तुटतं, आणि तुटलेल्या माहेराच्या गोष्टी गावोगाव इतक्या चवीनं सांगितल्या जातात की कुणाची हिंमत होत नाही. आईनं, म्हणजे कडूबाईनं, बार्शीहून मोरपंखी साडी आणून ठेवली होती. दिवाळीची आणि सहीची साडी एकच. ज्ञानोबांनी इथंही काटकसर साधली होती.

शिवांजलीनं नाही म्हटलं नव्हतं. नवऱ्याला, कुलदीपला, तिनं सांगितलंही होतं की करून टाकते एकदाची. पण वाशीहून येताना गाडीवर मागं बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. वाशीचं घर सासऱ्यांच्या नावावर होतं, गाडी कुलदीपच्या, ईटचं सगळं आप्पांच्या. जगात तिच्या नावावर होऊ शकेल अशी एकच गोष्ट होती, ओढ्याकडच्या रानाचा तिचा वाटा, आणि तो सोडून देण्यासाठी तिला सन्मानानं बोलावलं होतं.

इंग्लंडात घर घ्यायचं म्हणजे आधी वकील लावावा लागतो, आणि तो वकील घर बघत नाही, नुसते कागद बघतो. विकणाऱ्याचा वकील वेगळा, घेणाऱ्याचा वेगळा. दोघं एकमेकांना प्रश्न पाठवतात आणि उत्तरांची वाट बघत महिने काढतात. हे सगळं ऐकून ज्ञानोबांना हसू आवरेना.

"आमी चा पिता पिता इसार देतो," पडवीत खुर्चीवर बसून ते म्हणाले, "आन् ह्या लोकांनी म्हनं आपल्यावर राज्य केलं."

"आपल्यावर निजामाचं होतं, आप्पा."

"तेच ते."

कायद्यातलं आपल्याला कळतं असा ज्ञानोबांचा जुना समज होता. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा तो समज ईटमध्ये टिकूनही होता. रणधीरनं आधी एक फ्लॅट बघितला होता; त्याची जमीन दुसऱ्याच मालकाची, फ्लॅट सव्वाशे वर्षांच्या पट्ट्यावर, मालकाला दरसाल भाडं. ज्ञानोबांनी तो फोनवरच मोडून काढला होता. "म्हंजे आपन कूळ व्हायचं? आरं, आपल्या आज्यानं कुळं ठिवली हुती!" आता बघितलेलं घर जमिनीसकट होतं, म्हणून ज्ञानोबांची त्याच्यावर मर्जी होती.

शिवांजली मोबाइलवरून एकेक गोष्ट वाचून सांगू लागली. विकणारी एक म्हातारी विधवा होती, आणि तिनं सगळं खरं खरं लिहून दिलं होतं. शेजाऱ्यांशी काही वाद आहे का, असा रकाना होता. तिनं लिहिलं होतं, उजवीकडच्या शेजाऱ्याशी कुंपणाच्या उंचीवरून एकदा बोलाचाली झाली, मग त्यानं कुंपण छाटलं आणि तिनं त्याला केक करून दिला.

"केक?" ज्ञानोबांनी विचारलं.

"केक."

"आन् तेवढ्यावर मिटलं?"

"मिटलं म्हणून लिहिलंय."

"लई भित्री मानसं," ज्ञानोबा म्हणाले. त्यांना त्या गोऱ्या म्हातारीची खरोखर कीव आली.

हा माणूस दर वर्षी शेजारच्या शांतलिंगच्या बांधात नांगर घुसवायचा. कोरून कोरून तो बांध आता असा झाला होता की त्यावरून कोंबडीही जपून चालली असती. कुंपण डावीकडचं कुणाचं, उजवीकडचं कुणाचं, हे तिकडं नकाशावर खूण करून लिहितात, हे ऐकून ज्ञानोबांनी "म्हंजे मानसाला काय कर्तृत्वच दाखवाया नको" असं मत दिलं.

पुढं आणखी होतं. घराखालून कधी कोळशाची खाण गेली होती का. सांडपाण्याचा पाइप कुणाच्या हद्दीतून जातो. जवळच्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा खर्च या घरावर बसतो का.

"देवाचं काम असंल तर वर्गनीची पावती फाडा म्हनावं. त्याला वकील कशाला?"

प्रश्न वाचता वाचता शिवांजलीला ते आवडायला लागले. त्यात प्रेम नव्हतं, लाज नव्हती, पण निदान कुणीतरी कुणालातरी विचारत तरी होतं. भूमच्या कागदाबद्दल तिला कुणी एक प्रश्न केला नव्हता. "सही कर" हा प्रश्न नसतो, हे तिच्या पाचवीच्या पोरांनाही कळलं असतं.

दुपारी वकिलांच्या कचेरीतल्या बाईंचा व्हिडिओ कॉल यायचा होता. पैसे देणाऱ्या बापाशी त्यांना स्वतः बोलायचं होतं. रणधीर तिकडून स्वयंपाकघरात बसून जोडला जाणार होता आणि शिवांजली मध्ये दुभाषी. ज्ञानोबांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी नीट केली, आणि कॉल येईपर्यंत लेकीला आपलं आवडतं तत्त्वज्ञान पुन्हा ऐकवलं.

"एक ध्यानात ठेव. सातबारा बापाच्या नावावर असतो तवरच लेकरं बाप म्हनत्यात. गुंडाप्पाचं बघ. जिता असताना पोरांच्या नावावर करून मोकळा झाला. आता ह्या म्हैन्यात थोरल्याकडं जेवतो, म्होरच्या म्हैन्यात धाकट्याकडं, आन् म्हैना बदलायच्या दिशी दोगं बी कुलूप लावून गावाला. हातातलं सोडू ने मानसानं."

"कुणीच सोडू नये का?" शिवांजलीनं विचारलं.

"कुनीच न्हाय," ज्ञानोबा ठणकावून म्हणाले. साडीची पिशवी त्यांच्या मागच्याच खाटेवर होती.

कॉल आला. बाई मध्यम वयाच्या, चष्मेवाल्या, फार गोड बोलणाऱ्या. कोपऱ्यात रणधीर, दाढी वाढलेली, मागं भांड्यांचा ढीग. बाईंनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि सरळ कामाला लागल्या.

हे पैसे तुम्ही मुलाला भेट म्हणून देणार आहात का?

"व्हय. भेट म्हन, काय बी म्हन."

नंतर कधी परत मागणार आहात का?

"लेकाला दिल्यालं परत मागायला म्या काय सावकार हाय?"

शिवांजलीनं "नाही" एवढंच सांगितलं. रणधीरचा चेहरा खुलला. मग बाईंनी तिसरा प्रश्न विचारला. या घरात तुमचा काही हक्क राहावा अशी तुमची अपेक्षा आहे का?

आता ईटमध्ये हा प्रश्न कुणी बापाला विचारत नाही. "लेकाच्या घरात मला काही नको" असं बाप फक्त एकाच वेळी म्हणतो, त्यानं लेकाचं नाव टाकलं की. भरल्या दिवाळीत, परक्या बाईसमोर, लेकाच्या तोंडावर तसं म्हणणं म्हणजे त्याची अब्रू घेणं. ज्ञानोबांना वाटलं, बाई आपल्या घराण्याची परीक्षा बघते आहे. ते ताठ बसले.

"हक्क? सांग तिला, घर माझंच हाय! म्या आन् हिची आई तितं जाऊन ऱ्हानार. म्या जिता हाय तवर माझं, माझ्या मागं त्याचं. घरावर नाव बी माझंच लागंल."

"ताई, ते सगळं नको सांगू," रणधीर घाईनं म्हणाला.

शिवांजलीनं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. वर्गात फळ्यासमोर ती जन्मात इतकं नितळ इंग्रजी बोलली नव्हती. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी गोड आवाजातच सांगितलं की असं असेल तर बँक कर्ज देणार नाही. पैसे देणाऱ्याचा घरावर कसलाही दावा नको. तसं लेखी द्यावं लागेल, मजकूर आम्ही पाठवतो. पुन्हा एकदा दिवाळीच्या शुभेच्छा. पडदा काळा झाला.

"काय म्हनली? खूश झाली न्हवं?" ज्ञानोबांनी विचारलं.

हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं, हे कुणाला शिकायचं असेल तर ईटला येऊन जावं.

कागद आला, आणि स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून शिवांजलीनं तो काढूनही आणला. मजकूर थोडका होता. मी दिलेल्या पैशाच्या बदल्यात त्या घरात माझा कोणताही हक्क, हिस्सा, हितसंबंध नाही. पुढंही मागणार नाही. तिथं राहायला गेलो तरी तो हक्क म्हणून नाही, आणि बँकेनं सांगितलं तर मुकाट्यानं बाहेर पडेन. तिनं शब्दाशब्दाचं मराठी केलं आणि खाली ठेवलं.

ज्ञानोबा आधी हसले. मग त्यांना कळलं की हा विनोद नाही, आणि मग मात्र त्यांनी पडवी डोक्यावर घेतली. कडूबाई चुलीजवळून उठून दारात येऊन उभी राहिली.

"म्हंजे म्या परका? ज्याला जन्म दिला, त्याच्या दारात म्या पावना? रगत माझं, नाव माझं, आन् घरात माझा हक्क न्हाय असं म्याच माझ्या हातानं लिहून द्यायचं? कुना गाढवानं काढला हा कायदा? असं कागदावर नातं तुटत असतं व्हय? आज लिहून दिलं की उद्या दारात उबं तरी करतील का?"

शिवांजली खांबाला टेकून ऐकत होती. प्रत्येक वाक्य तिच्या ओळखीचं होतं. माहेरी आल्यापासून ती ही वाक्यं मनात म्हणत होती, फक्त तिला ती इतक्या मोठ्यानं ओरडता आली नव्हती. बापानं तिचं सगळं गाऱ्हाणं तिच्या तोंडचं काढून घेऊन स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं. एवढंच उरलं होतं, तेही.

रणधीरचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आप्पा, अहो सगळेच करतात. बँकेला कागद लागतो फक्त. कागदापुरतं असतं ते. घर तुमचंच आहे ना."

"कागदापुरतं असतंय ते, माहेर तुजंच हाय न्हवं." नवरात्रात आप्पांनी फोनवर तिला हेच सांगितलं होतं, याच चालीत. शिकवण वाया गेली नव्हती.

फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "आप्पा, भूमला माझ्याकडनं हेच लिहून घ्यायचंय तुम्हाला."

"काय?"

"हेच. हक्क नाही, हिस्सा नाही, पुढं मागणार नाही. मजकूर सारखाच आहे."

"ते येगळं."

"कसं वेगळं?"

ज्ञानोबांनी तिच्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. काखेत कळसा घेऊन गावभर विचारणारा माणूस बघतो, तसं बघितलं त्यांनी. "आगं, लेकीची रीतच हाय ती. लेकीनं सोडायचं असतं. बापानं सोडल्यालं कुठं ऐकलंस का तू?" आणि तेवढ्यानं त्यांचं समाधानही झालं.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिला पाठ होतं. पण पोटच्या पोरीलाच दुसऱ्याचं म्हणणारा बाप समोर बसलेला असला की म्हणीत जीव राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा हॉटेलात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. हॉटेलातली माणसंच मग येता-जाता विचारू लागली, "काय आप्पा, कवा निघताय विलायतेला?" ज्ञानोबा "आता बगू" म्हणायचे. विकणारी म्हातारी थांबायला तयार नव्हती. तिला दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. रणधीर रोज फोन करायचा. एकदा ज्ञानोबांनी आवाज खाली करून त्याला विचारलं, "सही केली तर... आमाला एक खोली तर ऱ्हाईल ना रं?"

"अहो आप्पा, असं काय विचारता! तुम्ही कधीही या. सहा महिन्यांचा व्हिसा आरामात मिळतो."

ज्ञानोबांनी फोन हळूच खाली ठेवला आणि बराच वेळ अंगणातल्या ट्रॅक्टरकडं बघत बसले. सहा महिन्यांचा पाहुणा. टोपी काढलेली होती, आणि डोक्यावरचे केस किती विरळ झालेत ते शिवांजलीला पहिल्यांदाच दिसलं. तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आपण उगाच कठोर झालो, म्हाताऱ्या माणसाशी असं तोडून बोलायला नको होतं, असंही वाटलं. ती उठून चहा करायला आत गेली. चहा उकळेपर्यंत तिनं मनाशी ठरवलंही होतं की उद्या आप्पांबरोबर भूमला जायचं आणि हा विषय संपवायचा.

चहा घेऊन ती बाहेर आली तर ज्ञानोबांनी सही केलेली होती.

लफ्फेदार, खाली दोन रेघा ओढलेली. आणि माणूस बदललेला. टोपी डोक्यावर आली होती, पाठ ताठ झाली होती. हॉटेलात तोंड दाखवता येणार, या एका विचारानं त्यांच्या अंगात जीव आला होता, हे तिला न सांगता दिसलं.

"बग," ते म्हणाले, आवाजात मध ओतून. "म्या सोडला का न्हाय हक्क? पोरासाठी सोडला. सोडायला मोठं मन लागतं, शिवा. आता तू बी सोड. बापानं कित्ता गिरवून दिलाय, तुला नुसतं त्याच्यावरनं हात फिरवायचाय. उद्या सकाळच्यालाच जाऊ. बालाजी गाडी घिऊन येतो म्हनलाय."

शिवांजलीनं कप खाली ठेवला.

"तुम्ही रणधीरसाठी सोडला," ती म्हणाली. "मी कुणासाठी सोडू?"

"रनधीरसाठीच की! आनखी कोन हाय आपल्याला?"

ते अगदी सहज म्हणाले. त्यात काही लागण्यासारखं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दारात उभ्या कडूबाईनं मात्र खाली मान घातली.

शिवांजलीनं दुसरा कागद पुढं ओढला. सहीच्या कागदाबरोबर वकिलांनी हाही पाठवला होता. भेट देणाऱ्यानं पैसे कुठून आणले, याचे प्रश्न होते त्यात. तिनं पेन उघडलं.

"हे राहिलंय. सांगा, मी लिहिते. पैसे कुठून येणार?"

"रान विकून. लिही, वडिलार्जित."

तिनं लिहिलं.

"रान कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. दुसऱ्या कुनाच्या असनार?"

तिनं लिहिलं.

"त्या रानात आणखी कुणाचा हक्क आहे का?"

"न्हाय."

तिनं लिहिलं, पण तो शब्द नाही लिहिला. ज्ञानोबांना इंग्रजी येत नसलं तरी "नो" किती लांबीचं असतं एवढं ठाऊक होतं. पेन बराच वेळ चालत राहिलं.

"येवढं काय लिहितीस?"

"आहे, असं लिहिलंय. एक मुलगी आहे. तिचा वाटा आहे. तिनं तो सोडलेला नाही." तिनं मराठीत वाचून दाखवलं आणि कागद त्यांच्याकडं फिरवला. "खाली माझं नाव आणि पत्ता घातलाय. त्यांना काही विचारायचं असेल तर मला विचारतील."

"शिवे!"

"उद्या बालाजीच्या गाडीनं यायला मी तयार आहे, आप्पा. पण मोजणीच्या कचेरीत. माझं वेगळं मोजून द्या. राहिलेलं तुम्ही खुशाल विका."

"आगं, मग पैसे कमी पडतील! म्हातारी दुसऱ्याला घर दिऊन टाकंल! माझ्या कोवेंत्रीच्या घराचं काय?" ज्ञानोबा खुर्चीवरून अर्धे उठले होते.

"कोव्हेंट्रीच्या घराचं?" शिवांजलीनं सही केलेला कागद उचलला, त्यावरची शाई वाळली आहे ना ते बघितलं आणि नीट घडी करून त्यांच्या हातात दिला. "त्या घराशी तुमचा काय संबंध, आप्पा? आत्ताच लिहून दिलंत ना?"

ज्ञानोबांनी कडूबाईकडं बघितलं, ती काही बोलेल म्हणून. कडूबाई पदरानं हात पुसत पुढं आली आणि लेकीच्या शेजारी खाली बसली.